हत्तीच्या पेटीतील मते: संयुक्त महाराष्ट्र समितीचा समझोता आणि नाशिक

मराठी भाषकांचे एकच राज्य व्हावे, या मागणीचा इतिहास सामान्यतः मुंबईच्या फोर्टातील गोळीबार, हुतात्म्यांची संख्या आणि दिल्लीतील वाटाघाटी यांच्या आधारे सांगितला जातो, आणि त्यात एक गोष्ट झाकली जाते. या लढ्यातील दोन्ही मुख्य पक्ष, म्हणजे प्रदेश काँग्रेस आणि संयुक्त महाराष्ट्र समिती, तत्त्वतः एकीकरणवादीच होते. मुंबईसह महाराष्ट्र हवा, हे काँग्रेसच्या महाराष्ट्रातील नेत्यांनीही वारंवार मान्य केले होते. भांडण होते ते पक्षशिस्त मोठी की मागणी मोठी, या प्रश्नावर. एकाच ध्येयाचे दोन दावेदार मतदारांपुढे उभे राहिले म्हणजे ध्येयावरील निष्ठा पुरेशी ठरत नाही. कोणाची मते कोणाच्या उमेदवाराला पडतील, हा हिशेब निर्णायक होतो. जातींत दुभंगलेल्या समाजात तो हिशेब किती अवघड असतो आणि क्वचित कसा जुळतो, हे 1957 च्या नाशिक लोकसभा निवडणुकीत जितके स्पष्ट दिसते तितके मुंबईतही दिसत नाही.

नाशिक हे तेव्हा एक शहर नव्हते, दोन होती. गोदावरीच्या काठचे क्षेत्र, म्हणजे पंचवटी, रामकुंड, काळाराम मंदिर आणि त्यांभोवतीचे वाडे, हे एक. आणि तेथून 8–9 किलोमीटरांवर रेल्वेमुळे वाढलेले नाशिक रोड हे दुसरे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग जुन्या शहरात न जाता बाहेरून गेला, त्यामुळे स्थानक दूर पडले आणि स्थानकाभोवती स्वतंत्र वस्ती उभी राहिली. काही काळ स्थानक व शहर यांच्यामध्ये ट्रामही धावत होती. शेजारी देवळालीची लष्करी छावणी होती. 1925 मध्ये तिकिटे व मुद्रांक छापणारा सरकारी छापखाना आणि 1928 मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला, आणि नाशिक रोड पगारावर जगणाऱ्यांचे गाव बनले. मुंबईहून आगगाडीने येणारा पुढारी, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, उतरत असे तो नाशिक रोडलाच, आणि क्षेत्रातील जुन्या समाजव्यवस्थेला सामोरे जाण्यापूर्वी त्याला वेगळ्या प्रकारची वस्ती लागत असे. मात्र छापखान्याच्या पगारपत्रकावर शेजारी नावे असणे आणि मतपेटीत एकत्र येणे यांत मोठे अंतर होते.

ते अंतर किती होते, हे 1930 नंतरच्या घटनांनी दाखवले. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मार्गदर्शनाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याची प्रत्यक्ष धुरा दिंडोरी तालुक्यातील आंबे गावात जन्मलेल्या भाऊराव कृष्णराव तथा दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली. हजारो सत्याग्रही मिरवणुकीने मंदिराकडे गेले, दरवाजे बंद झाले, त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वादातून दगडफेक झाली, आणि सत्याग्रह अनेक वर्षे चालूनही दरवाजा उघडला नाही. त्याचे पडसाद खेड्यांतही उमटले, जेथे सत्याग्रहात सामील झालेल्या महार कुटुंबांवर बहिष्कार पडले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. अवघ्या 22 वर्षांनी त्याच जिल्ह्यातील सवर्ण मतदारांनी त्याच सत्याग्रहाच्या सेनापतीला लोकसभेत पाठवले. सुधारणेची सावकाश वाटचाल असे याचे वर्णन करण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. ही वाटचाल सावकाश नव्हती आणि पुढे टिकलीही नाही.

दलित मतांचा आणि इतर मतांचा संबंध कायद्याने ठरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार. स्वतंत्र मतदारसंघांची, म्हणजे अस्पृश्यांचे प्रतिनिधी केवळ अस्पृश्यांनीच निवडण्याची तरतूद त्या कराराने सोडून दिली आणि तिच्या बदल्यात प्रांतिक विधिमंडळांत 148 राखीव जागा दिल्या, ज्यांवर अंतिम निवड सर्व मतदारांनी मिळून करायची होती. त्यामुळे राखीव जागेवर कोण निवडून येणार, हे बहुसंख्याकांच्या मतांवर अवलंबून राहिले. 1937 मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे गायकवाड मुंबई विधानसभेत निवडून आले, तेव्हा मुंबई प्रांतात एकवट मतदानाची सोय होती. बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत, आणि अल्पसंख्य पण संघटित गटाला तो मोठाच आधार होता.

स्वतंत्र भारतात ही सोय राहिली नाही. 1952 च्या निवडणुकीत राखीव जागा द्विसदस्य मतदारसंघांत ठेवल्या गेल्या. अशा मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते असत, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. प्रत्येक उमेदवाराची निशाणी लावलेली वेगळी पेटी असे आणि मतदार आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकत असे. जो दुसरे मत कोणालाही देत नसे, तो ते ‘कुजवत’ असे. निवडणुकीच्या बोलीत हा शब्द तेव्हा रूढ होता. उत्तर मुंबई मतदारसंघात आंबेडकरांचे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांचा समझोता होता: आंबेडकरांच्या अनुयायांनी एक मत अशोक मेहतांना द्यायचे आणि समाजवाद्यांच्या मतदारांनी एक मत आंबेडकरांना. दोघेही पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर आंबेडकरांपेक्षा 14 हजारांहून अधिक मतांनी पुढे राहिले आणि हजारो मते कुजली. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले, पण राखीव जागेवर आंबेडकर पुन्हा पराभूत झाले. त्या वेळी दुसरे मत कुजवावे, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला होता आणि आंबेडकरांनी तो नाकारला होता, असे सांगितले जाते. करार पाळणारी बाजू एकच असली तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. समझोत्याच्या कागदावर दोन उमेदवार बरोबरीचे असतात; मतदार मात्र आपल्या जातीच्या पलीकडच्या पेटीपाशी अडखळतो.

हा अनुभव ताजा असतानाच राज्य पुनर्रचनेचा प्रश्न पेटला. फाजल अली आयोगाचा अहवाल ऑक्टोबर 1955 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात मुंबईसह मराठी राज्य नव्हते. वर्षअखेरीस काँग्रेस नेते यशवंतराव चव्हाणांनी फलटण येथे आपली निष्ठा नेहरूंच्या नेतृत्वाशी आहे हे जाहीर केले, आणि संयुक्त महाराष्ट्रवादी जनतेने ते विसरण्यास पुष्कळ वर्षे घेतली. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा पुन्हा गोळीबार झाले. 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. 1946 पासून कार्यरत असलेली, शंकरराव देवांच्या नेतृत्वाखालील संयुक्त महाराष्ट्र परिषद काँग्रेसच्या छायेत वाढली होती. समिती मात्र सरळसरळ विरोधी पक्षांची होती. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, फेडरेशन, हिंदुमहासभा आणि जनसंघ हे एरवी एकमेकांच्या सभा उधळणारे पक्ष तिच्या भोवती जमले.

काँग्रेसमधील एकीकरणवाद्यांची कोंडी नाशिक जिल्ह्याला जवळून दिसत होती, कारण तिचे एक प्रमुख पात्र याच जिल्ह्यातील होते. मालेगावचे भाऊसाहेब हिरे प्रदेश काँग्रेसचे वजनदार नेते होते, आणि मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्याच्या मुख्यमंत्रिपदासाठी ऑक्टोबर 1956 मध्ये विधिमंडळ पक्षात निवडणूक झाली तेव्हा ते चव्हाणांविरुद्ध उभे राहिले. चव्हाणांना 333 आणि हिऱ्यांना 111 मते पडली. गुजराती, विदर्भातील आणि मराठवाड्यातील आमदारांचे पाठबळ कोठे होते, हे या आकड्यांवरून कळते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले. मराठी काँग्रेस नेत्याला मुख्यमंत्रिपद मिळाले, पण ज्या राज्याचे ते पद होते ते राज्यच मराठी मतदारांना नको होते.

समितीपुढचा प्रश्न वेगळा होता. तिच्यात दलित का यावेत? आंबेडकरांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषावार राज्यांविषयीच्या ग्रंथात असा इशारा दिला होता की भाषिक राज्यात एखादी मोठी जात सत्ता ताब्यात घेते आणि लहान जाती तिच्या दयेवर राहतात. म्हणून महाराष्ट्राचे चार भाग करण्याची सूचना त्यांनी तेथे मांडली होती. पुढे त्यांची भूमिका मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने झुकली आणि फेडरेशन समितीत आले, पण मूळ भीती काही नाहीशी झाली नव्हती. त्यातच 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धर्मांतर झाले आणि 6 डिसेंबरला आंबेडकरांचे निधन झाले. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान नव्हते. ते केंद्र सरकारने 1990 मध्ये दिले. परिणामी 1957 च्या निवडणुकीत फेडरेशनच्या नेत्यांना राखीव जागांचा जुना आधार विश्वासाने धरता येत नव्हता आणि सर्वसाधारण जागेवर इतरांच्या मतांनी निवडून येण्याला नवे मोल आले होते. याउलट समितीतील इतर पक्षांना दलित वस्त्यांतील एकगठ्ठा मतांची गरज होती, कारण ग्रामीण भागात काँग्रेसचे जाळे सहकारी संस्था आणि लोकल बोर्डे यांच्यावाटे घट्ट विणलेले होते. दोन्ही बाजूंची गरज खरी होती, आणि समझोते टिकतात ते बहुधा अशा गरजेवरच.

नाशिकची लोकसभेची जागा राखीव नव्हती. समितीने ती फेडरेशनला सोडली आणि दादासाहेब गायकवाड हत्ती या निशाणीवर उभे राहिले. या निर्णयात असलेला धोका समितीच्या पुढाऱ्यांना कळत नव्हता असे मानता येत नाही. ज्या माणसाने काळारामाच्या दारात ठाण मांडले होते, त्याच्या पेटीत पंचवटीतील ब्राह्मणाने, निफाडच्या द्राक्षबागांमधील मराठा शेतकऱ्याने आणि नाशिक रोडच्या कामगाराने मतपत्रिका टाकावी, अशी ही अपेक्षा होती. फेब्रुवारी-मार्च 1957 मध्ये मतदान झाले आणि गायकवाड निवडून आले. कोपरगावमधून फेडरेशनचेच बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. 1952 मध्ये उत्तर मुंबईच्या सुशिक्षित मतदारांनी जे केले नाही ते नाशिकच्या मतदारांनी केले. त्याचे कारण त्यांच्या जातीविषयक विचारांत शोधण्यापेक्षा मागणीच्या ताकदीत शोधावे लागते. हत्तीच्या पेटीत पडलेले मत हे त्या क्षणी गायकवाडांना दिलेले मत नव्हते, माजी मुख्यमंत्री मोरारजी देसाईंना आणि द्वैभाषिकाला दिलेला नकार होता. उमेदवाराची जात त्या नकारापुढे तात्पुरती मागे पडली. याशिवाय एक तांत्रिक बाबही आहे. एकसदस्य मतदारसंघात मतदाराकडे एकच मत होते, ते कुजवायला जागाच नव्हती. समझोत्यावर नाराज असलेल्या समितीवाल्याला काँग्रेसकडे जाणे किंवा घरी बसणे, एवढेच पर्याय होते.

या यशाची मोजदाद करू पाहणाऱ्याला एक अडचण येते: निवडणूक आयोगाच्या तक्त्यात संयुक्त महाराष्ट्र समिती सापडत नाही. ती नोंदलेला पक्ष नव्हती, तिला एक निशाणी नव्हती. प्रत्येक घटक पक्ष आपापल्या निशाणीवर लढला आणि अनेक जण अपक्ष म्हणून उभे राहिले. मुंबई राज्याच्या 396 जागांपैकी काँग्रेसला 234 मिळाल्या, प्रजासमाजवाद्यांना 36, शेतकरी कामगार पक्षाला 31, कम्युनिस्टांना व फेडरेशनला प्रत्येकी 13, जनसंघाला 4, हिंदुमहासभेला 1, आणि अपक्ष तब्बल 64 निवडून आले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, खुद्द मुख्यमंत्री चव्हाण कराडमध्ये थोडक्यात बचावले, आणि गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या जोरावर सरकार टिकले. म्हणजे समितीच्या दृष्टीने निकाल विजयाचा असला तरी सत्ता मिळाली नाही. हे तिच्या एकीच्या दृष्टीने कदाचित बरेच झाले, कारण मंत्रिपदांची वाटणी करण्याची वेळ आली असती तर ती एकी महिनाभर तरी टिकली असती का, याची शंका वाटते.

एकाच ध्येयाच्या पक्षांतील अशी जागावाटपे जगात इतरत्रही झाली आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनशी असलेले ऐक्य टिकवू पाहणारे दोन प्रोटेस्टंटबहुल पक्ष, अल्स्टर युनियनिस्ट आणि डेमोक्रॅटिक युनियनिस्ट, एरवी कट्टर स्पर्धक असले तरी मते फुटून कॅथलिक राष्ट्रवादी निवडून येऊ नयेत म्हणून काही मतदारसंघांत एकच उमेदवार देतात. फर्मॅना व दक्षिण टायरोन येथे 2010 मध्ये असा संयुक्त उमेदवार केवळ 4 मतांनी पडला. तेथील करार एकाच समाजाच्या आत होतात आणि दुसऱ्या समाजाविरुद्ध होतात. समाजातील दुफळी त्यांनी बुजत नाही, उलट पक्की होते. समितीचा करार दुफळीच्या आरपार होता, आणि म्हणून अधिक दुर्मीळ व अधिक नाजूक होता. उत्तर आयर्लंडशी जवळचे साम्य शोधायचे तर ते बेळगावात सापडते. तेथे महाराष्ट्रात विलीन होऊ इच्छिणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे गट परस्परांविरुद्ध उभे राहिल्याने मराठी मते फुटत आली. 2013 मध्ये कर्नाटक विधानसभेत एकीकरण समितीचे दोन आमदार होते, 2018 आणि 2023 मध्ये एकही नव्हता.

संयुक्त महाराष्ट्र समिती फुटण्याची सुरुवात तिची मागणी मान्य होण्याच्या सुमारास झाली. प्रजासमाजवादी आणि कम्युनिस्ट यांचा जुना संशय पुन्हा वर आला, आणि राज्य मिळाल्यावर समिती कशाला, हा प्रश्न प्रजासमाजवादी नेते एस. एम. जोशींच्या बाजूने उघडपणे विचारला जाऊ लागला. दलित राजकारणात तर त्याआधीच चीर पडली होती. 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात फेडरेशनच्या जागी भारतीय रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत त्याचे दोन गट झाले: बी. सी. कांबळे यांचा ‘दुरुस्त’ गट आणि गायकवाडांचा, ज्याला विरोधक साहजिकच ‘नादुरुस्त’ म्हणू लागले. कम्युनिस्टांबरोबर किती चालायचे, हा वादाचा एक मुद्दा होता; शिकलेले शहरी तरुण आणि धोतर नेसणारे ग्रामीण पुढारी यांच्यातील तेढ हा दुसरा. गायकवाड मात्र 1959 मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहाला लागले. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना मिळावी ही त्यांची मागणी होती, आणि भाषिक राज्याच्या मागणीवर एक झालेल्या मराठा शेतकऱ्यांना ती तितकी जवळची वाटली नाही, हे उघड आहे.

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याचा मंगल कलश आणण्याचे श्रेय चव्हाणांना मिळाले. 1962 मध्ये विधानसभेच्या 264 पैकी 215 जागा काँग्रेसने जिंकल्या, रिपब्लिकन पक्षाला 3 मिळाल्या, आणि नाशिकची लोकसभेची जागा गोविंद हरी देशपांडे यांच्या रूपाने काँग्रेसकडे परतली. त्यानंतर जे घडले ते 1957 शी ताडून पाहिल्याशिवाय राहवत नाही. चीन युद्धाच्या धक्क्यात चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि 1963 च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. ज्या मतदारसंघाने सहा वर्षांपूर्वी त्यांच्या द्वैभाषिकाला नाकारले होते, तेथे विरोधी पक्षांनी त्यांच्यासमोर उमेदवारही दिला नाही.

गायकवाड 1962 ते 1968 राज्यसभेत होते. 1967 च्या सुमारास त्यांच्या गटाने काँग्रेसशी समझोता केला, आणि त्याचे स्वरूप 1957 च्या समझोत्याहून निराळे होते. आता जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या होत्या, सत्ता तालुक्यापर्यंत उतरली होती, आणि जागा मागण्याऐवजी जागा मिळण्याची वाट पाहणे सुरू झाले होते. त्या काळात रिपब्लिकन नेते रा. सू. गवई विधान परिषदेचे उपसभापती झाले, बी. डी. खोब्रागडे वेगळ्या गटाचे नेते बनले. टीकाकार या समझोत्याला शरणागती म्हणतात. तो निवाडा थोडा कठोर आहे, कारण स्वबळावर लढलेल्या रिपब्लिकन गटांना 1962 मध्ये काय मिळाले होते हे गायकवाडांनी पाहिले होते. पण मते देणारा आणि मते घेणारा यांच्यातील बरोबरी या करारात उरली नव्हती, हे मात्र नाकारता येत नाही. 29 डिसेंबर 1971 रोजी गायकवाडांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी दलित पँथरने याच राजकारणाविरुद्ध बंड पुकारले.

सर्वसाधारण जागेवर इतरांच्या मतांनी रिपब्लिकन उमेदवार निवडून येण्याची घटना महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणात पुन्हा घडण्यास 41 वर्षे लागली. 1998 मध्ये शिवसेना-भाजप युतीविरुद्ध काँग्रेस आणि एकत्र आलेले रिपब्लिकन गट यांचा समझोता झाला, आणि प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. चारही जागा अराखीव होत्या. पुढच्या वर्षी शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष काढला, रिपब्लिकन गट दोन काँग्रेसांमध्ये वाटले गेले, आणि आठवले लोकसभेत परतले ते पंढरपूरच्या राखीव मतदारसंघातून.